जुन्या खरेदीखतातील खासगी वाट आणि मागच्या जमिनीवरचे ४४ भूखंड: आमचा नकार कुठपर्यंत टिकेल?

प्रश्न | बांधाशेजारी

नमस्कार. मुख्य रस्त्यापासून मागच्या गटापर्यंत जाणारी सुमारे २४० मीटर लांबीची एक खासगी वाट आमच्या तीन चुलत कुटुंबांच्या शेतांमधून जाते. आजोबांनी १९७९ साली मागचा गट विकला, तेव्हा त्या खरेदीखतातच खरेदीदाराला या वाटेने जाण्यायेण्याचा हक्क लिहून दिला होता. पुढे वडिलांच्या पिढीत आमच्या जमिनीचे वाटप झाले, परंतु वाटेची जागा कोणा एकाच्या हिश्श्यात न घालता तिघांच्या नावे सामाईक ठेवली गेली. चाळीसहून अधिक वर्षे तिच्यावरून आधी बैलगाडी आणि मग ट्रॅक्टर गेला, आणि त्याबद्दल आमच्यापैकी कोणी कधी अवाक्षर काढले नाही.

गेल्या वर्षी मागच्या गटाच्या मालकाने ती जमीन एका विकसकाला विकली. विकसकाने तिच्या पलीकडचा आणखी एक गट दुसऱ्या मालकाकडून घेतला आणि दोन्ही मिळून ४४ भूखंडांचे रेखांकन मंजुरीसाठी दाखल केले. त्या नकाशात आमची वाट ९ मीटर रुंदीचा ‘विद्यमान पोहोच रस्ता’ म्हणून दाखवलेली आहे; प्रत्यक्षात ती कुठेही चार मीटरांहून रुंद नाही. दोन आठवड्यांपूर्वी जेसीबी आणून दक्षिणेकडचा बांध जवळजवळ दीड मीटर कापला गेला आणि त्यावर मुरूम टाकला गेला. आम्ही हटकले, तेव्हा त्यांच्या माणसाने शांतपणे जुन्या खरेदीखताची प्रत दाखवली आणि हक्क लिहून दिलेला असल्यामुळे आता आम्हाला बोलता येणार नाही, असे सांगितले.

आमच्या घरातही एकमत नाही. धाकट्या चुलतभावाला वाटेवर फाटक लावून कुलूप घालायचे आहे. थोरले काका मोबदला घेऊन दोन्ही बाजूंचा पट्टा लिहून द्यायला तयार आहेत, आणि तशी तोंडी बोलणी त्यांनी केली असल्याचेही कानावर आले आहे. मला हक्क नाकारायचा नाही, पण शेतावर जाण्यासाठी दिलेली वाट वसाहतीचा रस्ता व्हावी हेही मान्य नाही. एकदा दिलेला हक्क जमिनीचा वापर बदलला की आपोआप वाढतो का, आणि काका एकटेच पट्टा लिहून देऊ शकतात का? पहिले पाऊल काय उचलावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर | दिवाणीतला

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हक्क आहे का, हा एक. आणि तो किती आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर तुम्ही भांडलात तर हराल, कारण नोंदणीकृत खरेदीखतात लिहून दिलेला हक्क आहे आणि तो चाळीस वर्षे वापरात आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र तुमची बाजू समोरच्याला वाटते त्याहून पुष्कळ भक्कम आहे. म्हणून तुमच्या पहिल्या पत्रापासून शेवटच्या कैफियतीपर्यंत हक्क मान्य, व्याप्ती अमान्य, ही भूमिका सोडू नका.

आता कायद्याकडे वळू. भारतीय सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा वाट, पाणी यांसारखा हक्क) अधिनियम, १८८२ मध्ये व्याप्तीच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारी कलमे आहेत. कलम २८ सांगते की, लिहून दिलेल्या हक्काची व्याप्ती पक्षकारांचा संभाव्य हेतू आणि ज्या प्रयोजनासाठी तो हक्क दिला ते प्रयोजन यांवरून ठरवायची. हेतूचा पुरावाच नसेल तर एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. कलम २९ प्रमाणे हक्कदार मालकाने आपल्या जमिनीत नुसता फेरबदल केला किंवा भर घातली म्हणून हक्क लक्षणीयरीत्या वाढत नाही. कलम ३० तर तुमच्याच प्रकरणासाठी लिहिल्यासारखे आहे: हक्कदार जमिनीचे, म्हणजे जिच्यासाठी हक्क दिला त्या जमिनीचे, तुकडे पडले की हक्क प्रत्येक तुकड्याला चिकटतो, पण दुसऱ्याच्या जमिनीवरचा बोजा लक्षणीय वाढेल अशा रीतीने नाही.

या कलमाखालची दोन उदाहरणे एकत्र वाचावीत, कारण पहिले तुमच्या विरुद्ध जाते. एका घराला विशिष्ट वाटेने जाण्याचा हक्क आहे. घराचे दोन भाग होऊन दोघांना गेले, तर दोघांनाही त्याच वाटेने जाता येते. दुसरे उदाहरण विहिरीचे आहे. घराला रोज पन्नास बादल्या पाणी काढण्याचा हक्क आहे आणि घर दोघांत विभागले गेले, तर प्रत्येकाला पन्नास बादल्यांपर्यंत पाणी काढता येते, पण दोघांचे मिळून पन्नासाच्या वर जाता कामा नये. म्हणजे मागच्या गटात भूखंड पाडले म्हणून त्या भूखंडधारकांचा हक्क नाहीसा होत नाही; पण एकूण बोजाला कमाल मर्यादा आहे, आणि वाट रुंद करण्याचा हक्क तर या कलमातून कोणत्याही वाचनाने निघत नाही. समोरचा पक्ष पहिले उदाहरण वाचून दाखवेल, तेव्हा दुसरे तुम्हाला पाठ असावे.

वाटेची डागडुजी करण्याचा आनुषंगिक हक्क त्यांना कलम २४ ने आहे, तोही स्वतःच्या खर्चाने. खड्डे बुजवणे, आहे त्या रुंदीत मुरूम टाकणे हे त्यात बसेल. बांध कापणे ही डागडुजी नव्हे, ते अतिक्रमण आहे आणि त्याची दाद वेगळी मागता येते.

कुलपाची गोष्ट मनातून काढून टाका. हक्काचा अतिरेकी वापर होत असेल तर तो अडवण्याची मुभा कलम ३१ देते हे खरे, परंतु त्याच कलमाचे परंतुक असे की, अडवण्याने हक्काच्या कायदेशीर उपभोगात व्यत्यय येत असेल तर अडवता येत नाही. कुलूप भूखंडाच्या डंपरलाही अडवते आणि शेतावर जाणाऱ्या ट्रॅक्टरलाही. त्यात मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाऊन वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा काढून घेण्याची सोय समोरच्याला आहे. कुलूप घातलेत की पहिली फेरी तुम्ही स्वतःच त्याच्या पदरात टाकलीत, आणि त्यानंतर प्रत्येक कार्यालयात ‘रस्ता अडवणारे’ म्हणून तुमची ओळख करून दिली जाईल.

तुमच्या काकांच्या बोलण्यांची चिंता मात्र करावी. वाटेची जागा सामाईक असेल तर एका सहमालकाला दुसऱ्यांच्या संमतीवाचून तिच्यावर असा हक्क निर्माण करता येत नाही; सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ८ खालच्या एका उदाहरणात नेमके हेच सांगितलेले आहे. त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यातील पट्टा ते देऊ शकतील, पण मधली सामाईक जागा नाही. खरा धोका तोंडी परवानगीचा आहे. दिलेली परवानगी सहसा मागे घेता येते. पण परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले, तर कलम ६० प्रमाणे ती मागे घेता येत नाही. आज मुरूम आहे, उद्या डांबर किंवा काँक्रीट पडेल आणि काकांनी ‘करा’ म्हटले होते असे सांगणारे दोन साक्षीदार उभे राहतील. म्हणून परवानगी नाही, हे तिघांच्या सहीने स्पीड पोस्टाने या आठवड्यातच कळवा.

आणि खरेदीखतातले नेमके शब्द इथे द्या. आम्ही जे काही बोलतो आहोत ते त्या चार ओळींवर अवलंबून आहे.

उत्तर | निवृत्त भूकरमापक

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कागद सांगतो. अशा भांडणांत माणसे वर्षानुवर्षे बोलतात आणि वाट नेमकी कोणत्या गटातून जाते हेच शेवटपर्यंत कोणी पाहत नाही.

सर्वप्रथम गाव नकाशा काढा. त्यावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. तुमची वाट त्यावर असेल तर ती खासगी आहे हा तुमचा आधारच डळमळीत होतो आणि प्रश्न वेगळ्या दिशेला जातो. ती नसेल, तर तसा नकाशा हाच तुमच्या बाजूचा पहिला पुरावा. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या आणि मागच्या दोन्ही गटांची टिपणे व फाळणीचे कागद (जुन्या मोजणीची आणि पोटहिश्श्यांची रेखाटने), आणि तलाठी कार्यालयातून वाटपाचा फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) घ्या. वाट सामाईक ठेवली असे तुम्ही म्हणता; ते फेरफारात लिहिलेले आहे की फक्त घरात ठरले होते, याने काकांच्या अधिकाराचा प्रश्न पुरता बदलतो.

मग हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यामुळे विकसकालाही हजर राहावे लागेल किंवा न राहण्याचे परिणाम सोसावे लागतील. मोजणीच्या वेळी नोंदीची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही नकाशावर दाखवून घ्या, आणि कापलेल्या बांधाची जागा मोजणीदाराच्या नजरेस आणून पंचांसमक्ष तसा उल्लेख करून घ्या. एक गोष्ट नीट समजून घ्या: मोजणीदार तुमची हद्द सांगेल, रस्त्याचा हक्क किती फुटांचा आहे हे सांगणार नाही. ते काम खरेदीखताचे आणि न्यायालयाचे. सरकारी मोजणी झाली की सगळे मिटले असे समजून स्वस्थ बसलेले कितीतरी खातेदार मी पाहिले आहेत.

मोजणीची तारीख मिळेपर्यंत बांधाची छायाचित्रे काढून ठेवा. कापलेल्या मातीचा रंग पावसाळा गेला की उरत नाही.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. विकसकाने दोन गट एकत्र केले आहेत असे तुम्ही लिहिले आहे. आजोबांनी हक्क दिला तो मागच्या गटासाठी. पलीकडच्या गटासाठी त्यांनी काही दिले होते का? रेखांकनाचा नकाशा मिळवा आणि त्यावर दोन गटांमधली जुनी हद्द पेन्सिलीने ओढून कोणत्या गटात किती भूखंड पडतात ते मोजा. कायद्यात याचे काय होते ते वकीलसाहेब सांगतील, पण आकडा तुमच्या हातात हवा.

उत्तर | मागच्या गटातला

मी या भांडणाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून तिकडची बाजूही मांडतो. माझ्या वडिलांनी आतली जमीन घेतली, तेव्हा पुढच्या मालकाने वाट दिली होती. पण मी तिथे चार घरे बांधायचे ठरवल्यावर दर आठवड्याला नवा अडथळा उभा राहू लागला. कधी वाटेत खताचा ढीग, कधी आडवी लावलेली ट्रॉली. कायदा दोघांसाठी एकच आहे, पण आतल्या माणसाची जमीन वाटेवाचून कागदावरचीच राहते, हे पुढच्या माणसाला सहसा जाणवत नाही. जमिनीचा उपयोग काळाबरोबर बदलतो आणि १९७९ साली बैलगाडी होती म्हणून आज मोटार नको, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही.

तरीही तुमच्या विकसकाने जे केले ते चूक आहे, आणि मूर्खपणाचेही आहे. बांध कापण्याआधी तो तुमच्या ओट्यावर येऊन बसला असता तर कदाचित तीन महिन्यांत काम झाले असते. आमचे प्रकरण अखेर बोलण्यानेच मिटले, तेही सहा वर्षे तारखा खाल्ल्यानंतर. तुम्ही तडजोडीला बसलात तर आम्ही ज्या गोष्टी आधी लिहिल्या नाहीत आणि ज्यांच्यावरून नंतर पुन्हा वाजले, त्या सांगतो.

जाण्यायेण्याच्या हक्कात जमिनीखालून पाण्याची वाहिनी किंवा विजेची केबल नेण्याचा हक्क येत नाही. तो हवा असेल तर वेगळा लिहावा लागतो. आम्ही लिहिला नव्हता, आणि सगळी घरे उभी राहिल्यावर नळासाठी पुन्हा त्याच माणसाच्या दारात जावे लागले. पावसाचे पाणी कुठे जाईल हे ठरवले नव्हते, त्यामुळे रस्ता उंच झाला आणि शेजाऱ्याच्या शेतात तळे साचू लागले. त्याचा राग अगदी रास्त होता. बांधकामाच्या काळातील अवजड वाहने आणि नंतरची रहिवाशांची वाहने यांसाठी वेगळ्या अटी हव्यात. वाट कोणी दुरुस्त करायची, विकसक निघून गेल्यावर ती जबाबदारी भूखंडधारकांच्या संस्थेवर कशी जाईल, वाटेत वाहने उभी करायला बंदी कोण पाळून घेईल, हेही लिहून घ्या.

पट्टा विकायचा की मालकी स्वतःकडे ठेवून फक्त हक्क द्यायचा, यावरही विचार करा. शेतजमिनीचा अरुंद पट्टा विकायचा तर तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्याला आळा घालणारा) १९४७ चा अधिनियम आधी तपासावा लागतो. शिवाय जागा एकदा विकली की तिचे पुढे काय होते यावर तुमचे नियंत्रण राहत नाही. हक्क दिला तर अटी राहतात.

बांधाशेजारी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित प्रत मिळाली. त्यातील मजकूर असा आहे: ‘सदर मिळकतीत शेतीचे वहिवाटीकरिता जाणेयेणेस आमचे मिळकतीतून १२ फूट रुंदीचा गाडीरस्ता कायमचा दिला आहे, त्यास आम्ही अगर आमचे वारस हरकत करणार नाही.’ सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा आहे आणि त्यावरही १२ फूट असेच लिहिलेले आहे. आमच्याच घरात सगळे आठ फूट, दहा फूट असे म्हणत होते. १२ फूट कोणालाच आठवत नव्हते.

गाव नकाशावर ही वाट नाही. वाटपाच्या फेरफारात ती तिघांच्या सामाईकात स्पष्टपणे नोंदलेली आहे. रेखांकनावर दोन गटांमधली हद्द ओढून पाहिली, तर ४४ पैकी १८ भूखंड मागच्या गटात आणि २६ पलीकडच्या गटात पडतात. काकांनी फेरफार पाहिल्यावर पत्रावर सही केली, जरी ती करताना दोनदा पेन खाली ठेवले.

दोन शंका राहिल्या. विकसक आता म्हणतो की, मागच्या गटाला दुसरीकडून रस्ता नसल्याने ‘गरजेचा हक्क’ म्हणून त्याला ९ मीटर मिळालेच पाहिजेत. आणि चुलतभाऊ म्हणतो की, पलीकडच्या गटाला उत्तरेकडून स्वतःचा सार्वजनिक रस्ता लागतो, दोन्ही गट आता एकाच मालकाचे आहेत, तेव्हा मागच्या गटालाही तिकडून जाता येईल आणि आमच्या वाटेची गरजच संपली, म्हणून १९७९ चा हक्कही संपला. यांतले कोणते खरे?

उत्तर | दिवाणीतला

दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींची चूक एकाच ठिकाणी आहे. तुमच्या आजोबांनी दिलेला हक्क गरजेतून आपोआप जन्मलेला नाही, तो लिहून दिलेला आहे. गरजेतून निर्माण झालेला हक्क गरज संपली की सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे संपतो. लिहून दिलेला हक्क तसा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले आहे. म्हणून चुलतभावाचा मुद्दा टिकणार नाही. त्याच न्यायाने विकसकाला लिहिलेला हक्क बाजूला ठेवून गरजेच्या नावाने मोठा हक्क मागता येणार नाही. आणि गरजेचाच हक्क धरला तरी त्याची व्याप्ती हक्क निर्माण झाला त्या वेळच्या गरजेएवढीच असते, असे कलम २८ म्हणते. १९७९ सालची गरज शेताची होती.

उत्तरेकडचा रस्ता दुसऱ्या कारणासाठी फार मोलाचा आहे. निवृत्त भूकरमापकांनी ज्यावर बोट ठेवले, त्याचे उत्तर कलम २१ मध्ये आहे: हक्कदार जमिनीच्या उपभोगाशी संबंध नसलेल्या कामासाठी हक्क वापरता येत नाही. त्याखालचे उदाहरण असे की, एका शेताला वाटेचा हक्क आहे आणि त्याच मालकाचे त्या शेतापलीकडे दुसरे शेत आहे, ज्याची पहिल्या शेताच्या उपभोगासाठी आवश्यकता नाही. तर त्या दुसऱ्या शेताला जाण्यायेण्यासाठी ती वाट वापरता येत नाही. दोन गट एकाच्या नावावर झाले, एकाच रेखांकनात आले, मधली हद्द पुसली, याने पलीकडच्या गटाला तुमच्या वाटेचा हक्क मिळत नाही. तुमच्या आकड्यांप्रमाणे २६ भूखंडांना तुमच्या वाटेवर काहीही हक्क नाही, आणि त्यांना उत्तरेकडून रस्ता असल्याने त्यांची अडवणूकही होत नाही. न्यायालयात हा मुद्दा सर्वांत आधी मांडा, कारण तो नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो.

उरलेल्या १८ भूखंडांबाबत मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ‘शेतीचे वहिवाटीकरिता’ हे शब्द तुमच्या बाजूचे आहेत, ‘कायमचा’ आणि ‘गाडीरस्ता’ हे त्यांच्या. मागच्या गटात दोन-चार घरे झाली असती तर मी तुम्हाला भांडू नका असेच सांगितले असते. १८ घरांची रोजची वाहतूक आणि बांधकामाचे डंपर हा लक्षणीय वाढलेला बोजा आहे, असे मला वाटते, पण यावर पुरावा लागेल आणि न्यायाधीशांचे मत दोन्ही बाजूंना जाऊ शकते. रुंदीबाबत मात्र शंका नाही: १२ फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर, आणि त्यापलीकडची जमीन तुमची.

आता कामाचा क्रम. मंजुरीसाठी रेखांकन ज्या नियोजन प्राधिकरणाकडे आहे, तिथे खरेदीखत, फेरफार आणि वाटेच्या प्रत्यक्ष रुंदीसह लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. प्राधिकरण तुमचा मालकीचा वाद सोडवणार नाही, आणि मंजुरी मिळाली तरी तिने खासगी हक्क निर्माण होत नाही. पण ९ मीटरचा ‘विद्यमान’ रस्ता अस्तित्वातच नाही हे त्यांच्या फाइलमध्ये गेलेच पाहिजे. दिवाणी न्यायालयात रुंदीकरणाविरुद्ध आणि पलीकडच्या गटासाठीच्या वापराविरुद्ध मनाईचा दावा, सोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज आणि जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनरची मागणी करा. विकसक तुमच्या आधी धावेल असे वाटत असेल तर कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशी न्यायालयाला आगाऊ विनंती) दाखल करा. ते ९० दिवस चालते.

दाव्याच्या मजकुरात हक्क कोणत्या स्वरूपाचा, किती रुंदीचा, कोणत्या गटासाठी हे नेमके लिहा. मालकी आणि सुविधाधिकार हे वेगळे दावे आहेत आणि एकाची मांडणी करून दुसऱ्याची दाद मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले आहे. विकसकालाही वाट आपली आहे की आपल्याला फक्त जाण्याचा हक्क आहे, यांपैकी एकावर उभे राहावे लागेल. आजवर तो सोयीप्रमाणे दोन्ही बोलत आला आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तो तहसीलदारांकडे गेला तर घाबरू नका. ते कलम शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी बांधावरून वाजवी वाट मिळावी म्हणून आहे, भूखंडांचा पोहोच रस्ता काढून देण्यासाठी नाही. निर्णय विरुद्ध गेला तरी एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

उत्तर | भूखंडधारक

या चर्चेत आमच्यासारखे खरेदीदार कुठेच दिसत नाहीत, म्हणून लिहितो. अशाच एका रेखांकनात मी भूखंड घेतला. माहितीपत्रकात रुंद रस्ता होता, जागेवर एक अरुंद वाट होती, आणि तिच्यावर दावा चालू आहे हे मला खरेदीनंतर कळले. माझा राग बराच काळ वाटेच्या मालकांवर होता. त्यांचे खरेदीखत वाचल्यावर तो योग्य माणसाकडे वळला.

तुम्ही दावा दाखल केलात तर प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला १९३९ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अशी नोंदलेली नोटीस असेल तरच दाव्याचा परिणाम मधल्या खरेदीदारावर त्या कलमाने बंधनकारक होतो. ती नोंदलेली असती तर शोध घेताना मला दिसली असती आणि मी वाचलो असतो. प्रकल्पाचे क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून जास्त असेल तर विक्रीआधी महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी करावी लागते आणि जमिनीवरील वाद व बोजे तिथे जाहीर करावे लागतात. तुमच्या विकसकाने काय जाहीर केले आहे ते संकेतस्थळावर पाहता येईल.

बांधाशेजारी (प्रश्नकर्ता)

पत्र आणि हरकत दोन्ही गेली, पोच मिळाली. मोजणीचा अर्ज दाखल झाला असून विकसकाच्या वतीने प्रथमच बसून बोलण्याचा निरोप आला आहे. आम्ही तिघांनी असे ठरवले आहे की, पलीकडच्या २६ भूखंडांची वाहतूक उत्तरेकडून वळवणे आणि कापलेला बांध पूर्ववत करणे, या दोन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय बैठकीला जायचे नाही. १८ भूखंडांविषयी मात्र १२ फुटांच्या आत, अवजड वाहनांच्या आणि पाण्याच्या निचऱ्याच्या अटींसह बोलायला तयार राहायचे. नोंदवायच्या दस्ताचा मसुदा त्यांनी पाठवला तर तो इथे नावे वगळून टाकीन. चुलतभावाने आणलेले कुलूप सध्या आमच्या गोठ्याला लावले आहे.